नायट्रोचं विमान पेट्रोलवर

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मागच्या वेळी मी फवारणीच्या पंपावर बोलले. त्यानंतर केंद्रावर बरेच फोन आले. त्यातला एका ताईंचा प्रश्न जरा वेगळा होता. त्यांची लेक तालुक्याच्या कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत आहे. तिथे मुलं-मुली विमानाच्या छोट्या प्रतिकृती करून उडवतात. त्यांच्याकडचं एक जुनं विमान ‘नायट्रो’वर चालतं. ते आता पेट्रोलवर करायचं ठरलंय आणि त्या कामात या लेकीला घेतलंय. ताई विचारतात, “हे नायट्रो म्हणजे काय? पेट्रोलवर करायचं म्हणजे नेमकं काय करणार? पोरीला धोका नाही ना? आणि गटातल्या बाया म्हणतात, विमानाचं आपल्याला काय करायचंय?”

शेवटचा प्रश्न आधी घेते. माझं दुकान बाजाराच्या गावात आहे आणि काम छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं. त्या कामावरून सांगते, या विमानाचं इंजिन आणि आपल्या गटाच्या ग्रास कटरचं इंजिन या सख्ख्या चुलत बहिणी आहेत. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी गवत कापायच्या यंत्रांची आणि लाकूड कापायच्या करवतींची इंजिनं काढून चक्क विमानांना बसवली. म्हणून विमानाची गोष्ट नीट कळली, की आपल्या बांधावरचं यंत्रही कळतं. आणि त्यातला धोकाही कळतो.

आता नायट्रो. नाव मोठं, पण हे तीन वस्तूंचं मिश्रण आहे. सगळ्यात जास्त असतं मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिट. त्यात साधारण पाचवा हिस्सा तेल असतं. आणि थोडं नायट्रोमिथेन, बहुतेक वेळा शंभरात पाच ते पंधरा भाग. या शेवटच्या वस्तूवरून ‘नायट्रो’ हे नाव पडलं. नायट्रोमिथेनच्या अंगातच प्राणवायू असतो, त्यामुळे इंजिनाला जोर येतो.

यातलं तेल कुठलं, ऐकून नवल वाटेल. आपलं एरंडेल! बाळंतिणीच्या आणि लेकरांच्या पोटासाठी आजी कपाटात ठेवायची, तेच. एरंडेल खूप तापलं तरी पटकन साथ सोडत नाही, धातूला धरून राहतं. पहिल्या महायुद्धात कितीतरी विमानांच्या इंजिनांना एरंडेलच घालत. कॅस्ट्रॉल हे ऑइलचं नाव तुम्ही दुकानाच्या पाटीवर वाचलं असेल, ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेलं आहे. आजकाल नायट्रोच्या इंधनात एरंडेलाबरोबर किंवा त्याच्याऐवजी कारखान्यात बनवलेलं तेलही घालतात.

हे इंधन पेटतं कसं, त्यात खरी गंमत आहे. मोटरसायकलच्या प्लगमध्ये ठिणगी पडते, ते तुम्हाला ठाऊक आहे. नायट्रोच्या इंजिनात ठिणगी नसतेच. त्याच्या प्लगमध्ये प्लॅटिनम असलेल्या बारीक तारेचं वेटोळं असतं. सुरू करताना दीड व्होल्टचा सेल लावून ते लाल करायचं. एकदा इंजिन फिरायला लागलं की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉल आणि प्लॅटिनम एकमेकांना लागले की तार आपोआप तापलेली राहते, इंजिनातल्या दाबाची आणि जाळाची उष्णताही तिला मिळते. चुलीतला निखारा विझू न देता त्यावरच पुढचं सरपण पेटवतो, तसं समजा.

हा प्लग अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ मध्ये बाजारात आणला. त्याच्या आधी, १९३०च्या दशकात, छोट्या विमानांची इंजिनं पेट्रोलवर आणि ठिणगीवरच चालायची. पण ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर, बॅटरी असं सगळं बिऱ्हाड विमानात न्यावं लागे. छोट्या विमानाला ते ओझं. नव्या प्लगने ते सगळं काढून टाकलं, म्हणून लोक नायट्रोकडे वळले. पुढे इलेक्ट्रॉनिक्समुळे ठिणगीचं सामान हलकं झालं, आणि आता विमानं परत पेट्रोलकडे चालली आहेत. म्हणजे पेट्रोल हे नवं सासर नाही, जुनं माहेरच आहे.

मग चांगलं चाललेलं नायट्रो सोडायचं कशाला? पहिलं कारण, खर्च. ते इंधन महाग, आणि गावच्या पंपावर मिळत नाही. दुसरं कारण, ते लागतंही जास्त. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. एक किलो मिथेनॉलला साडेसहा किलो पुरते. इंजिन एका दमात जेवढी हवा आत घेतं, तेवढ्या हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त घालावं लागतं. म्हणून तेवढ्याच टाकीत पेट्रोलवर विमान दुप्पट वेळ उडतं. तिसरं कारण, नायट्रोच्या धुरातून न जळलेलं तेल बाहेर पडतं. विमान खाली उतरलं की सगळं अंग तेलकट. दर वेळी पुसत बसा. आणि चौथं कारण सगळ्यात मोठं, मिथेनॉल हे विष आहे. त्यावर पुढे येते.

आता तुम्ही म्हणाल, मग टाकी रिकामी करा, पेट्रोल ओता, झालं! तसं होत नाही. आपल्याकडे ज्यांनी विहिरीवर रॉकेलचं इंजिन चालवलंय त्यांना आठवेल. ते आधी पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की मगच रॉकेलवर घ्यायचं. थंड इंजिनाला रॉकेल चालत नसे. प्रत्येक इंधनाचा स्वभाव वेगळा, आणि इंजिन त्या स्वभावाला धरून बनवलेलं असतं. सून बदलली तर घराची घडी बदलते म्हणतात, तसं इंधन बदललं की पाच ठिकाणी बदल करावा लागतो. एकेक सांगते.

पहिला बदल, ठिणगी. पेट्रोल त्या प्लॅटिनमच्या तारेवर भरवशाने जळत राहत नाही. म्हणून खरा ठिणगीचा प्लग लावायचा, आणि ठिणगी वेळेवर पडेल अशी सोय करायची. पंख्याच्या बुडाशी एक छोटं लोहचुंबक बसवतात. ते फिरत फिरत एका सेन्सरसमोरून गेलं की सेन्सर इशारा देतो, आणि पिस्टन अगदी वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडते. यासाठी विमानात छोटी बॅटरी लागते. आपल्या ग्रास कटरला बॅटरी नसते, कारण त्याच्या जड चाकातच लोहचुंबक असतं. ते कॉइलजवळून फिरलं की तिथल्या तिथे वीज तयार होते. विमानाला ते जड चाक परवडत नाही.

दुसरा बदल, कार्बोरेटर. पेट्रोल कमी लागतं, म्हणून आत जाण्याची वाट बारीक हवी. बहुतेक ठिकाणी पडद्याचा कार्बोरेटर बसवतात. यात रबरासारखा पातळ पडदा असतो. इंजिनाच्या पोटातला दाब कमी-जास्त झाला की तो हलतो आणि पेट्रोल ओढून घेतो. याचा फायदा असा, की यंत्र आडवं झालं, उलटं झालं तरी पेट्रोल मिळत राहतं. विमानाला कोलांट्या मारता येतात ते यामुळे. आणि आपण ग्रास कटर बांधावर वाकडातिकडा धरतो तरी तो बंद पडत नाही, तोही यामुळेच. दोघांचा कार्बोरेटर एकाच जातीचा.

तिसरा बदल, नळ्या. नायट्रोच्या विमानात सिलिकॉनची मऊ नळी असते. पेट्रोलमध्ये ती फुगते, ढिली होते, सटकते. टाकीच्या बुचाचंही तसंच. विमान वर असताना नळी सुटली तर इंजिन बंद. म्हणून पेट्रोलला चालणारीच नळी आणि तसंच बूच घ्यायचं. दिसायला सगळ्या नळ्या सारख्या, म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारायचं, “ही पेट्रोलची आहे का?”

चौथा बदल, तेल. हा नीट ऐका, कारण आपली यंत्रं सगळ्यात जास्त इथेच मरतात. एरंडेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही. ते खाली बसेल आणि वरचं कोरडं पेट्रोल इंजिनात जाईल. म्हणून पेट्रोलमध्ये मिसळणारं टू-स्ट्रोकचं ऑइलच घालावं लागतं. आणखी एक गोष्ट, मिथेनॉल उडून जाताना इंजिनाला थंड करतं. पाठीवर स्पिरिट चोळलं की गार लागतं ना, तसं. पेट्रोलमध्ये तो गारवा कमी, इंजिन जास्त तापतं. त्यात ज्याचं पोट पाचवा हिस्सा तेलावर वाढलेलं आहे, त्याला एकदम कमी तेल दिलं तर ते जाम होतं. म्हणून नायट्रोचं इंजिन पेट्रोलवर करणारे लोक सुरुवातीला तेल जास्त ठेवतात, आणि हवा चांगली खेळेल असं बघतात. अगदी लहान इंजिनाला हा बदल जड जातो. तिथे जुनं इंजिन काढून मुळात पेट्रोलसाठी बनवलेलं इंजिन बसवणं शहाणपणाचं.

पाचवा बदल, वजन आणि आवाज. हा आवाज कानाचा नाही, रेडिओचा. जुन्या रेडिओवर बातम्या ऐकताना शेजारून स्कूटर गेली की खरखर व्हायची, आठवतं? ती ठिणगीची खरखर. हे विमानही रेडिओच्या लहरींवरच चालवतात. ठिणगीची खरखर त्यात शिरली तर विमान हुकूम ऐकणार नाही. म्हणून प्लगची टोपी आणि वायर धातूच्या जाळीने झाकलेली घेतात, ठिणगीची बॅटरी वेगळी ठेवतात आणि रेडिओचं सामान त्यापासून लांब बसवतात. ठिणगी तोडायचं बटणही वेगळं हवं. आणि नवं सामान पुढे बसलं की विमान नाकावर जड होतं, म्हणून बॅटरी मागे सरकवून तोल परत जुळवावा लागतो. कावडीच्या दोन घागरी सारख्या भरलेल्या हव्यात, तसं.

तर ताई, तुमची लेक हे सगळं शिकणार आहे. धोका आहे का? आहे, पण तो ओळखीचा आहे. फिरता पंखा बोट तोडू शकतो. त्याच्या समोर किंवा बाजूच्या रेषेत उभं राहायचं नाही, सुरू करताना बोटाने नाही तर काठीने फिरवायचा, ओढणी आणि वेणी नीट बांधायची, डोळ्यांना चष्मा लावायचा, आणि शिकवणारे सर जवळ असल्याशिवाय सुरू करायचं नाही. आपल्या ग्रास कटरच्या पात्यालाही हेच नियम लागू आहेत. पोरीला अडवू नका. नियम पाठ करून घ्या आणि पाठवा. २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. ते फवारणीचे ड्रोन बॅटरीवर चालतात, पण ते चालवायला आणि जपायला ज्या बायका लागणार, त्यांना यंत्राची भीती नसलेली बरी.

आता मिथेनॉलचं. आवाज थोडा मोठा करा. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखं आणि वासाला दारूसारखं असतं. पण ते पोटात गेलं की शरीरात त्याचं असं आम्ल होतं जे डोळ्यांच्या नसा जाळतं. दोन चमचे माणसाला आंधळं करायला पुरे होऊ शकतात, थोडं जास्त झालं तर जीव जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभरावर माणसं मेली, त्या दारूत हेच मिथेनॉल होतं. आपल्यातल्या किती जणी दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या आहेत. त्यांना हे नाव तोंडपाठ हवं. कुणी दारू प्यायल्यावर काही तासांनी धूसर दिसतंय, डोळ्यांपुढे पांढरं दिसतंय, पोटात दुखतंय म्हणाला, तर ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून झोपवू नका. ताबडतोब १०८ला फोन करा, दवाखान्यात न्या. वेळेवर नेलं तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात. आणखी एक, मिथेनॉलची आग उन्हात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून कॉलेजातलं उरलेलं नायट्रो कुणी घरी आणू नये, बाटलीत भरून देऊ नये, नाल्यात ओतू नये. ते कुलपात राहू दे आणि त्याची विल्हेवाट सरांनीच लावावी.

पेट्रोल तरी साधं आहे का? नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते. ओसरीत डबा उघडला आणि आत चूल किंवा देवापुढे निरांजन असेल, तर आग डब्यापर्यंत येते. म्हणून पेट्रोल नेहमी उघड्यावर, आगीपासून लांब ओतायचं. इंजिन गार झाल्यावरच टाकी भरायची. थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल कधीच ठेवायचं नाही, तहानलेलं लेकरू ती तोंडाला लावतं. नळीने तोंडाने पेट्रोल ओढायचं नाही. आणि चुकून कुणी पेट्रोल किंवा रॉकेल प्यायलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. उलटी होताना ते फुप्फुसात शिरतं आणि तिथे जास्त घात करतं. तसंच उचलायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता आपल्या गटाच्या यंत्राचा हिशेब करू. आधी आपलं इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, ते बघा. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळ्या जागी भरतात, पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच मिसळतात. लूना किंवा जुनी बजाज स्कूटर ज्यांच्या घरी होती, त्यांना पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल घेतलेलं आठवेल. किती मिसळायचं ते यंत्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पन्नासास एक लिहिलं असेल तर एका लीटरला २० मिलीलीटर. चाळीसास एक असेल तर २५. पंचवीसास एक असेल तर ४०. ‘अंदाजे एक झाकण’ असा हिशेब नको. औषधाच्या बाटलीबरोबर मिळतं तसं खुणांचं माप ठेवा, आणि ते फक्त ऑइललाच वापरा. मिसळलेल्या डब्यावर खडूने नाही, रंगाने लिहा, ‘ऑइल घातलेलं’. साधं पेट्रोल चुकून टू-स्ट्रोकमध्ये गेलं तर एका दुपारी पिस्टन घासून निघतो, आणि गटाचे सहा महिन्यांचे हप्ते दुरुस्तीत जातात.

आजच्या पेट्रोलबद्दलही एक सांगते. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. ते आपल्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून किंवा धान्यापासून होतं. इथेनॉल मिथेनॉलच्याच घराण्यातलं, आणि त्याला पाण्याची फार ओढ. पावसाळी हवेतली ओल ते शोषून घेतं. जास्त पाणी झालं की डब्यात ते दोघं मिळून खाली बसतात, आणि मग दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी इंजिन सुरू होत नाही. जुन्या यंत्रातल्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदाही त्याने खराब होऊ शकतो. उपाय सोपा आहे. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल मिसळा. झाकण घट्ट लावा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. नळी कडक झाली, चिरली किंवा फुगली असेल तर बदला. ती फार महाग नसते. तिच्यापायी बिघडलेलं इंजिन महाग पडतं.

आणि कुणी तुम्हाला म्हणालं, “ताई, तुमचं यंत्र दुसऱ्या इंधनावर करून देतो, खर्च निम्मा होईल,” तर लगेच हो म्हणू नका. विमानाचेच पाच प्रश्न त्याला विचारा. ठिणगीचं काय करणार? कार्बोरेटर कोणता लावणार? नळ्या आणि बूच त्या इंधनाला चालणारे आहेत का? तेल कोणतं आणि किती? इंजिन जास्त तापलं तर काय सोय? पाचही प्रश्नांना सरळ उत्तर देणारा माणूस कारागीर आहे. “तुम्हाला काय करायचंय, आमच्यावर सोडा,” असं म्हणणाऱ्याच्या हातात गटाचं यंत्र देऊ नका. पैसा गटाचा आहे, यंत्र गटाचं आहे, तेव्हा प्रश्न विचारायचा हक्कही गटाचाच आहे.

या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की यंत्राचं पुस्तक बाहेर काढा. वाचता येणाऱ्या मुलीने मोठ्याने वाचावं. ऑइलचं माप शोधा आणि डब्यावर रंगाने लिहा. नळी बोटांनी दाबून बघा. पेट्रोलचा डबा चुलीपासून किती लांब आहे ते मोजा. आणि गावात कुणाच्या घरी शीतपेयाच्या बाटलीत पेट्रोल किंवा फवारणीचं औषध ठेवलेलं असेल, तर त्यांना समजावून ते आजच दुसऱ्या डब्यात काढायला लावा. एवढं झालं तर आजचं बोलणं कामी आलं असं मी समजेन.

पुढच्या वेळी पिठाच्या गिरणीच्या मोटरीबद्दल बोलू. ती का जळते आणि जळू नये म्हणून काय करायचं, ते सांगेन. तुमचे प्रश्न केंद्राला कळवत राहा. येते मग. नमस्कार.